आळस नव्हे, आजार

आबांची गोष्ट

एका गावात एक शेतकरी आहेत. त्यांचे खरे नाव आम्ही सांगत नाही. आपण त्यांना आबा म्हणू.

आबांचे वय ४५. घरची सहा एकर जमीन, एक बैलजोडी, विहिरीला पाणी. माणूस मोठा कष्टाळू. तांबडे फुटायच्या आत आबा गोठ्यात हजर. शेजारी थट्टेने म्हणत, "आबा उठले, की मगच कोंबडा आरवतो."

एका वर्षी पीक चांगले आले. तूर घरात आली. मुलीच्या लग्नाचे देणे फिटले. आता आबांनी चार दिवस सुखाने राहावे, अशी वेळ आली आणि नेमके तेव्हाच आबा बदलले.

पहाटे तीन वाजताच त्यांना जाग येई. मग डोळ्याला डोळा लागत नसे. पण उठून गोठ्यात जावे, तर तेही होत नसे. दिवस वर येईपर्यंत अंथरुणात पडून राहत. जेवायला बसले, की चतकोर भाकरी खाऊन ताट सरकवत. "तोंडाला चवच न्हाई," म्हणत. बैल पाण्यावाचून उभे राहत आणि आबांच्या ते ध्यानातही येत नसे. धाकटा मुलगा शाळेत पहिला आला. धावत सांगायला आला. आबा नुसते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

गावात कुजबूज सुरू झाली.

एक म्हणाला, "चार पैसे आले, तसा आळस बी आला."

दुसरा म्हणाला, "कुणाची तरी नजर लागली."

चुलतभाऊ घरी येऊन बोलला, "आबा, मन घट्ट कर. तुला काय कमी हाय? लोकांचं हाल बघ जरा."

आबा खाली मान घालून म्हणाले, "मला बी कळतंय रं. पण जीवच लागंना कशात."

मग देवऋषी झाला. कोंबडे झाले, नारळ झाला, दंडाला दोरा झाला. पैसे गेले. आबा तसेच राहिले.

एका रात्री आबा आपल्या कारभारणीला म्हणाले, "माझ्यामागं पोरांकडं बघ. मी तुमच्यावर नुसता भार झालोय."

त्या माउलीच्या काळजात चर्र झाले. तिने रात्र बसून काढली. दिवस उगवताच ती आशाताईंच्या दारात गेली. "ताई, ह्यांचं काय खरं वाटत न्हाई मला. तुमी चला," म्हणाली.

आबांना काय झाले होते? ते आळशी झाले होते का? भित्रे झाले होते का? कोणी करणी केली होती का?

यातले काहीही नव्हते. आबा आजारी होते. डॉक्टर या आजाराला 'नैराश्य' म्हणतात. इंग्रजीतला 'डिप्रेशन' हा शब्दही आता गावात ऐकू येतो. आपण साध्या बोलीत त्याला 'उदासीचा आजार' म्हणू. हिवताप जसा आजार, मधुमेह जसा आजार, तसाच हाही आजार. त्याची लक्षणे आहेत. त्यावर औषध आहे. तो बरा होतो.

दुःख वेगळे, आजार वेगळा

कोणी विचारील, "दुःख कुणाला नसतं? मग दर माणूस आजारीच म्हणायचा का?"

प्रश्न बरोबर आहे. दुःख सगळ्यांना होते. पीक बुडाले, की शेतकरी रडतो. घरातले माणूस गेले, की घर सुने होते. हा आजार नव्हे. असे दुःख पाटाच्या पाण्यासारखे येते आणि ओसरते. मधेच एखादी आठवण निघते आणि माणूस हसतो. चार माणसे भेटली, की बरे वाटते. दिवस जातात तसा माणूस कामाला लागतो.

उदासीच्या आजाराचे तसे नाही. त्यात मन सतत खचलेले राहते. आनंदाची गोष्ट घडली, तरी आनंद होत नाही. दिवसामागून दिवस हेच चालते. काही वेळा त्याला काही कारणही नसते. आबांचेच पाहा. पीक बुडाले तेव्हा ते आजारी पडले नाहीत. पीक आले तेव्हा पडले.

डॉक्टर हा आजार कसा ओळखतात, ते आता सांगतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मुख्य आहेत.

१. मन दिवसाचा बहुतेक वेळ उदास राहते.
२. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी वाटत नाही.
३. भूक मरते, वजन उतरते. काहींना उलट जास्त खावेसे वाटते.
४. झोप उडते, किंवा पहाटे फार लवकर जाग येते. काहींना झोप अति येते.
५. काम न करताही थकवा येतो.
६. बोलणे-चालणे मंद होते, किंवा जीव सारखा तळमळतो.
७. 'मी कुचकामी आहे, सगळे माझ्यामुळेच झाले', असे वाटते.
८. लक्ष लागत नाही. साधा निर्णय घेता येत नाही.
९. मरणाचे विचार येतात.

पहिल्या दोहोंपैकी निदान एक लक्षण आहे, सगळी मिळून पाच किंवा जास्त लक्षणे आहेत, आणि ती जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली आहेत, तर हा आजार आहे असे डॉक्टर धरतात. पण पाच मोजून होईपर्यंत घरी थांबू नये. दोन-तीन लक्षणे दोन आठवडे टिकली, तरी दवाखाना गाठावा. नववे लक्षण दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

अंग दुखते, पण रोग मनाचा

गावातला माणूस डॉक्टरांना "माझं मन उदास आहे," असे क्वचितच सांगतो. तो म्हणतो, "डोकं जड झालंय." "अंग मोडून येतंय." "छातीत धडधडतंय." "पोटात आग होते." बाया म्हणतात, "हातापायातलं बळच गेलंय."

हे ढोंग नव्हे. या आजारात अंग खरेच दुखते. मन आणि शरीर ही काही दोन वेगळी घरे नाहीत. एकाच घरातल्या त्या दोन खोल्या आहेत. एकीत धूर झाला, की दुसरीत जातोच.

पण होते काय? माणूस अंगदुखीची गोळी घेतो. ताकदीची सुई घेतो. सलाईन लावून घेतो. दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर अंगाचे दुखणे सांगाच, पण झोप, भूक आणि मन यांचेही सांगा. लाजू नका. डॉक्टरांपासून लपवले, तर औषध चुकते.

हा आजार का होतो?

आपले हसणे, रडणे, झोप, भूक, उत्साह, हे सारे मेंदू चालवतो. मेंदूत अब्जावधी बारीक पेशी आहेत. एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप पोचवायला मेंदूतच तयार होणारी काही द्रव्ये लागतात. उदासीच्या आजारात मेंदूच्या या कामात बिघाड होतो. म्हणून एकट्या मनावर नव्हे, तर झोप, भूक, ताकद आणि विचार या सगळ्यांवर एकदम परिणाम होतो.

हा बिघाड एकाच कारणाने होत नाही. शेताच्या बांधाचे उदाहरण घेऊ. एक बांध मुळातच कच्चा असतो. साध्या पावसाने तो फुटतो. दुसरा बांध पक्का असतो. पण सात दिवस झड लागली, तर तोही फुटतो. तिसरा बांध आतून उंदरांनी पोखरलेला असतो. वरून काही दिसत नाही आणि एके दिवशी कोरड्या हवेतही तो ढासळतो. माणसाचे तसेच आहे.

काही घराण्यांत हा आजार पिढीजात असतो. आईबाप किंवा भावंडांपैकी कोणाला तो असेल, तर आपल्याला होण्याचा संभव जास्त. पण होतोच असे नाही.

काहींना बाहेरचा मार बसतो. कर्ज, नापिकी, जवळच्या माणसाचा मृत्यू, नवऱ्याची मारहाण, लहानपणी झालेला छळ.

काहींचे शरीर आतून पोखरलेले असते. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो. क्षय, मधुमेह, हृदयविकार असे लांबणारे आजार असले, तर हा आजारही मागून येतो.

बायांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. बाळंतपणानंतर तर खास जपले पाहिजे. बाळंतीण पहिले काही दिवस हळवी होते, ते आपोआप जाते. पण ती दोन आठवड्यांनंतरही रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तिला बोल लावू नका. 'बाहेरचं वारं लागलं' म्हणून कोंडून ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या.

आणि दारू. पुष्कळ लोक म्हणतात, "दुःख विसरायला पितो." दारू तासभर दुःख विसरायला लावते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट करून परत देते. दारूने झोप बिघडते आणि उदासी वाढते. हे सावकाराच्या व्याजासारखे आहे. फेडायला जावे तो वाढते.

तुम्ही एकटे नाही

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या मोठ्या संस्थेने देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. त्यात असे आढळले, की दर २० मोठ्या माणसांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. आता आपल्या गावाचा हिशेब करा. गावात हजार मोठी माणसे असतील, तर पन्नास जणांना तो कधीतरी गाठणार. मग ते पन्नास जण दिसत का नाहीत? कारण ते सांगत नाहीत. त्याच पाहणीत हेही दिसले, की मनाचे आजार असलेल्यांपैकी बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत.

औषध कसे सापडले?

मनाच्या आजाराला गोळी कशी लागू पडेल, असे पुष्कळांना वाटते. त्याची एक खरी गोष्ट ऐका.

१९५२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या एका क्षयरोग रुग्णालयात डॉक्टर क्षयावर नवे औषध देऊन पाहत होते. रोगी थकलेले, खंगलेले होते. औषध सुरू झाल्यावर त्यांना नुसती भूक लागली नाही, तर ते उल्हासी झाले. हसू लागले, काही जण वॉर्डात नाचू लागले. डॉक्टर चकित झाले. क्षयावरच्या औषधाचा मनावर परिणाम होतो, हे त्यांना कळले. १९५७ साली स्वित्झर्लंडमधल्या रोलंड कून नावाच्या डॉक्टरांनी दुसरे एक औषध उदासीच्या आजारावर गुण देते, असे जाहीर केले. त्यानंतर अनेक औषधे निघाली. आजची औषधे त्या जुन्या औषधांपेक्षा सोसायला सोपी आहेत.

याचा अर्थ काय? हा आजार नुसत्या धीराचा प्रश्न असता, तर गोळीने फरक पडला नसता.

उपचार कसा करतात?

डॉक्टर आधी तपासतात. रक्त कमी आहे का, थायरॉईडचा बिघाड आहे का, हे पाहतात. कारण तसे असेल, तर त्याचाही उपचार करावा लागतो.

आजार हलका असेल, तर पुष्कळदा नुसत्या समुपदेशनाने गुण येतो. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. शिकलेला माणूस आपल्याशी वेळ देऊन बोलतो. आपले ऐकून घेतो. दिवसाची कामे पुन्हा थोडी थोडी कशी सुरू करायची, ते ठरवून देतो. आज नुसते बैलांना पाणी पाजायचे. उद्या विहिरीपर्यंत जाऊन यायचे. परवा मित्राला भेटायचे. वाटेल तेव्हा काम करायचे असे नाही. काम केले, की मग वाटू लागते.

गोव्यात याचा चांगला अनुभव आला. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, आजार बऱ्यापैकी बळावलेल्या ४९५ रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत समुपदेशनाच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. या बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. ते शिकवून तयार केलेले साधे लोक होते. तीन महिन्यांनी पाहिले. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी शंभरातले ३९ रोगी सावरले होते. बैठकाही मिळालेल्यांत शंभरातले ६४ सावरले होते. २०१७ साली हे जगापुढे मांडले गेले.

आजार जोराचा असेल, तर गोळ्या लागतात. गोळ्यांविषयी सहा गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. पेरले, की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही. गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात. पुरता गुण यायला सहा आठवडे किंवा जास्तही लागतात.

दुसरी. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे असा त्रास होऊ शकतो. तो बहुधा आपोआप कमी होतो. त्रास फार झाला, तर डॉक्टरांना सांगा. पण जीव फार तळमळू लागला किंवा मरणाचे विचार वाढले, तर लगेच सांगा. तरुण रोग्याकडे या दिवसांत जास्त लक्ष ठेवा.

तिसरी. या गोळ्यांचे दारू-तंबाखूसारखे व्यसन लागत नाही. पण त्या एकदम बंद करू नयेत. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

चौथी. बरे वाटले, की गोळी सोडू नका. इथेच पुष्कळ लोक चुकतात. बरे वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने, काहींना त्याहून जास्त दिवस गोळी घ्यावी लागते. नाहीतर आजार परत येतो.

पाचवी. पूर्वी कधी याच्या उलट झाले असेल, म्हणजे झोप नसताना अंगात अफाट उत्साह, मोठमोठ्या बाता, पैशांची उधळण असे दिवस आले असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. तो आजार वेगळा, त्याचे औषध वेगळे.

सहावी. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर तेही आधी सांगा. दुसऱ्याची गोळी आपण घेऊ नका.

काही थोड्या रोग्यांना, ज्यांचे खाणेपिणेच सुटले आहे किंवा जिवाला धोका आहे, त्यांना विजेचा उपचार देतात. त्याचे नाव ऐकून लोक घाबरतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे हा उपचार भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊनच करता येतो. रोग्याला त्याचे दुखणे कळत नाही.

देवऋषी आणि दवाखाना

आम्ही कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. देवाला नमस्कार करावा. भजनाला बसावे. चार माणसांत गेल्याने मनाला आधारच मिळतो. पण पाय मोडला, तर आपण आधी हाड बसवून घेतो. मग नवस फेडतो. इथेही तसेच करावे.

आणि अंगात भूत आहे म्हणून कोणी रोग्याला मारत असेल, बांधत असेल, चटके देत असेल, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली त्यासाठी कायदा झाला आहे.

घरच्यांनी काय करावे?

औषध डॉक्टर देतात. पण दिवसाचे चोवीस तास रोग्याजवळ घरचीच माणसे असतात.

"मन घट्ट कर," असे म्हणू नका. ज्याचा पाय मोडला त्याला "पळ" म्हणण्यासारखे ते आहे. "तुला काय कमी आहे?" असेही विचारू नका. त्याने तो आणखी खचतो. आपण नालायक आहोत, असे त्याला आधीच वाटत असते.

त्याऐवजी जवळ बसा. "तुमाला बरं न्हाई, हे आमाला कळतंय. आमी हाय," एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. तो बोलला, तर मधे न तोडता ऐका. वेळेवर दोन घास खाऊ घाला. दवाखान्यात सोबत जा. जमीन विकणे, नोकरी सोडणे असे मोठे निर्णय या दिवसांत घेऊ देऊ नका.

जीव धोक्यात असेल तेव्हा

माणूस मरणाची भाषा बोलू लागला, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, उगाच निरोपाचे बोलू लागला, तर ती थट्टा समजू नका. "बोलतो तो करत नाही," असे म्हणतात. हे खोटे आहे.

त्याला सरळ विचारा, "तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते.

त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात ठेवू नका. ते दुसरीकडे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही साधी गोष्ट आहे, पण तिने जीव वाचतात. कारण मरणाची ती ओढ पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसले, तर माणूस वाचतो.

१४४१६ या नंबरावर फोन करा. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती दिवसरात्र चालते आणि फुकट आहे. मराठीत बोलता येते. कोणी विष घेतलेच, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. वेळ घालवू नका.

"पोलिसांचं लफडं होईल," या भीतीने पुष्कळ लोक दवाखान्यात नेत नाहीत. ही भीती सोडा. २०१७ चा कायदा २०१८ साली लागू झाला. जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर फार ताण होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे तो सांगतो.

कुठे जावे?

पहिल्यांदा आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. तिथून गरज पडली, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. ठाणे, पुणे-येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. पण घाबरू नका. उदासीच्या बहुतेक रोग्यांना तिथे राहावे लागत नाही. घरी राहून, कामधंदा करत ते बरे होतात. या दवाखान्यात गेला म्हणजे वेडा झाला, असे समजणे चुकीचे आहे.

आबांचे पुढे काय झाले?

आशाताई त्याच दिवशी आबांच्या घरी आल्या. दोघींनी मिळून आबांना आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना जवळ बसवले. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग लहान मुलासारखे रडू लागले. "येतं मनात," म्हणाले. "रोज येतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, ह्यात तुमचा काही दोष नाही. हा आजार आहे. बरा होईल. पण दोन महिने तुम्ही माझं ऐकायचं."

त्याच दिवशी त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले. तिथून गोळ्या आल्या. फवारणीचे डबे चुलतभावाने आपल्या घरी नेले. रात्री मुलगा बापाजवळ झोपू लागला.

पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही. नुसती मळमळ. आबा म्हणाले, "हे बी देवऋष्यासारखंच दिसतंय." कारभारणीने गोळी हातावर ठेवायची सोडली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आबा सलग झोपले. पाचव्या आठवड्यात त्यांनी दुसरी भाकरी मागितली. कारभारीण चुलीकडे वळली आणि पदराने डोळे पुसू लागली. आबांना वाटले, धूर झाला असेल.

चौथ्या महिन्यात आबा म्हणाले, "आता मी बरा हाय. गोळी कशाला?" आठ दिवस त्यांनी ती घेतली नाही. झोप पुन्हा उडाली. आशाताई आल्या, रागावल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे वर्षभर चालली. मग डॉक्टरांनीच ती हळूहळू बंद केली.

आज आबा पहाटे गोठ्यात असतात. कधी कधी दोन दिवस मन मलूल होते. तसे झाले, की ते स्वतःच कारभारणीला सांगतात. लपवत नाहीत.

मागे त्यांच्या वाडीतला एक तरुण असाच घरात बसून राहू लागला. लोक म्हणाले, "आळशी झालाय." आबा त्याच्या घरी गेले. उपदेश केला नाही. त्याच्या शेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पोरा, पहाटं किती वाजता जाग येती तुला?"

पोराने वर पाहिले. म्हणाला, "तीनला."

"चल," आबा म्हणाले. "दवाखाना मला ठाऊक हाय."

लक्षात ठेवा

१. उदासी दोन आठवडे टिकली, झोप-भूक गेली, तर तो आजार असू शकतो. आळस म्हणू नका.
२. तो बरा होतो. पण गुण यायला काही आठवडे लागतात.
३. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.
४. मरणाची भाषा ऐकली, तर सरळ विचारा. माणसाला एकटे सोडू नका. विषारी औषधे दूर कुलपात ठेवा.
५. मदतीचा फोन : १४४१६. दिवसरात्र, फुकट. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. तुम्हाला आता लिहिता येते.